आक्काच्या कानाला बसेल असा हेडफोन

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि तीन हेडफोन. बायको म्हणाली, "बहिणीला भेटायला चाललाय की दुकान टाकायला?" मी पिशवीचे बंद आवळले. गाणी ऐकण्याच्या बाबतीत मी स्वतःला शहाणा समजतो, आणि शहाण्यानं निघायच्या वेळी वाद घालू नये.

कारण असं होतं. माझी थोरली बहीण, आक्का, बेळगावच्या वडगावात दिलेली आहे. वडगाव म्हणजे यंत्रमागांची वस्ती. लग्न झाल्यापासून तीस-बत्तीस वर्षं ती मागावर उभी राहिली. आता माग विकून झाले, पण त्यांचा खडखडाट तिच्या कानांत राहिला आणि बाकीचे आवाज एकेक करून कमी झाले. गेल्या महिन्यात दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला. दाजी कायम ओरडूनच बोलतात. "डाक्टर म्हनतोय कान चाललं! सा म्हैनं, लई झालं तर वरीस! काय ऐकायचंय ते ऐकून घ्या म्हनतोय!"

ऐकायचं होतं ते एकच. आमची आई निपाणीत विड्या वळायची. पुष्कळ वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजातल्या एक बाई बायकांची कामावरची गाणी गोळा करत तिथं आल्या होत्या. आक्का तेव्हा दिवाळीला माहेरी होती. बाईंनी मायलेकींना बसवून अर्धा तास ओव्या टेप करून घेतल्या. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिचा आवाज म्हणून आमच्याकडं तेवढा अर्धा तास आहे. मागच्या दिवाळीत मी तो एका लहानशा म्युझिक प्लेअरमध्ये भरून आक्काला पाठवला, सोबत कानात घालायचे इअरफोन. चार दिवसांनी तिचा फोन आला, "गाणं हाय रं, पर आई लई लांब बसलीया. आन् कान दुखत्यात." मी दुसरे पाठवले. पुन्हा तेच. कान दुखतात आणि आई लांब. मोबाइलच्या स्पीकरवर लावलं तर तिला नुसता कलकलाट ऐकू येतो म्हणे.

तेव्हा ठरवलं, आपणच जायचं आणि तिच्या कानाला बसेल, आईचा आवाज स्वच्छ पोचवेल असा हेडफोन तिला देऊन यायचं.

आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. आईचे शेवटचे दोन महिने आक्काकडं गेले आणि त्यावरून मी आक्काला एकदा चार माणसांत नको ते बोललो होतो. तेव्हापासून आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं. तिचे कान जायच्या आत आईला तिच्याजवळ आणून बसवलं, तर माझ्या डोक्यावरचा भार जरा हलका होईल, असा माझा हिशेब होता.

निपाणी

कोगनोळीचा टोलनाका मागं पडला की कर्नाटक लागतं आणि पाट्यांची लिपी बदलते. मी सातवीपर्यंत शाळेत कन्नड शिकलोय. तेव्हा धडाधड वाचायचो. आता पहिलीतल्या पोरासारखा अक्षराला अक्षर लावतो आणि पाटी वाचून होईपर्यंत बस निघून गेलेली असते. निपाणीच्या हवेला अजून तंबाखूचा तोच कडवट वास आहे. आम्ही पोरं त्यात वाढलो तेव्हा तो कधी जाणवला नाही. आता स्टँडवर उतरल्याबरोबर मला सात शिंका आल्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पावणं भायेरचं दिसत्यात." मला ते जरा लागलंच.

आमचं घर कधीच विकलं गेलं. मी उतरलो ते शेजारच्या हौसामावशीकडं. मावशी आणि आई चाळीस वर्षं एका ओट्यावर बसून विड्या वळत. पंचाहत्तरी उलटली तरी मावशीच्या मांडीवर सूप आहेच, आणि तोंडानं बोलताना हात पान कापत असतात. तिनं मला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कटाची आमटी वाढली. नाशकात आम्ही बाजरीवाले. ज्वारीची मऊ भाकरी मोडली आणि उगीचच डोळ्यांत पाणी आलं. मावशीला सांगितलं, चटणी तिखट आहे.

जेवण झाल्यावर तिनं पिशवीकडं बोट केलं. "डोस्क्याला बांधायचं काय आणलंयस ते?"

मी माझा सगळ्यात भारी हेडफोन काढला. पूर्ण कान झाकणारा, आतून मऊ गादीचा. पदरावरूनच तिच्या डोक्यावर चढवला आणि प्लेअर चालू केला. मावशीचे हात थांबले. मग ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आगं बया! तारूबाई तर माज्या मांडीला मांडी लावून बसलीया!"

तारूबाई म्हणजे आमची आई.

मावशी डोळे मिटून ऐकत राहिली आणि मधूनच सोबत म्हणू लागली.

*पानं भिजली सुपामंदी, दोरा गुतला बोटामंदी,*
*लेक निघाली बेळगावी, माया ठिवली पोटामंदी.*

गाणं संपल्यावर तिनं हेडफोन उतरवला आणि मांडीवर नीट ठेवला. "तुजी आई ह्या अंगाला आन् आक्का त्या अंगाला. मी आपली मदी बसल्यावानी. त्या बाईनं तवा दोन माईक आणलं हुतं, दोघींच्या म्होरं एकेक ठिवला हुता. तुजी आई लाजून गातच नव्हती. आक्कानं सुरुवात केली तवा गायली."

मी मावशीच्या बोलण्याकडं नीट लक्ष दिलं नाही. मी खुशीत होतो. मावशीला आई मांडीला मांडी लावून ऐकू आली, त्या अर्थी मी पाठवलेले स्वस्तातले इअरफोनच टाकाऊ होते आणि हा भारी हेडफोन लावला की काम फत्ते. निघताना मावशीनं बजावलं, "आक्काला मी इचारलंय म्हून सांग. तिकडं गेल्यावर भांडू नगंस." निपाणीत काही झाकून राहत नाही.

त्या खुशीतच मी चिकोडीच्या बसमध्ये चढलो. पाटीवरचं पहिलं अक्षर चुकीचं वाचून पुढचं अंदाजानं धरलं होतं. कंडक्टरनं "एल्लिगे?" म्हणजे कुठं, असं विचारलं, मी "बेळगाव" म्हणालो, आणि अख्खी बस हसली. कंडक्टरनं मला फाट्यावर उतरवलं. तिथं मिरची भजी खात दीड तास बसची वाट पाहिली. भजी उत्तम होती.

वडगाव

आक्काच्या घरात पुढचा मोठा सोपा, म्हणजे माग असायचे ती खोली, आता मोकळा आहे. जमिनीत मागांचे बोल्ट तेवढे उरलेत, त्यांच्यावर पाय ठेचकाळू नये म्हणून गोणपाट टाकलंय. मागवाल्या घरांत पाहुण्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. इथं कोणी पाठीमागून हाक मारत नाही. समोर यायचं, तोंड दाखवायचं, मग ओरडून बोलायचं, हातही बोलतात. माग चालू असताना दुसरा उपायच नसतो आणि माग बंद पडले तरी सवय सुटत नाही. त्यामुळं कोणाला किती ऐकू येतं हे वडगावात कुणालाच कळत नाही. सगळेच ओरडतात, सगळेच तोंडाकडं बघतात.

आक्का वाळलीय. मी वाकून पाया पडलो तर तिनं पाठीवर हात ठेवला. "आलास?" एवढंच म्हणाली. दाजी आतून ओरडले, "आला व्हय?" मी म्हणालो, "आलो!" ते म्हणाले, "काय?"

चहा झाल्याबरोबर मी दुकान मांडलं. भारी हेडफोन पहिला. आक्काच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीत बुगडी आहे, आईनं लग्नात घातलेली. हेडफोनची गादी नेमकी तिच्यावर बसली आणि आक्का कळवळली. "पाटा ठिवल्यावानी हुतंय रं!" मी म्हणालो, "बुगडी काढ घटकाभर." तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा तो विषय काढला नाही. दुसरा कानाच्या आत घुसणारा. तो घालताच ती शहारली. तिसरा हलका, पण त्याची पट्टी तिच्या अंबाड्यावरून घसरून गळ्यात यायची.

शेवटी पहिलाच हातानं धरून ऐकवला, बुगडीला लागू नये म्हणून थोडा अलगद. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. निपाणीची मावशी कशी उजळली होती! आक्का लक्ष देऊन ऐकत राहिली, आणि माझं मन मोडू नये म्हणून असेल, हळू म्हणाली, "चांगलं हाय. माजा आवाज लख्ख येतोय. आई मातर लांबच हाय. कुणाच्या मागल्या परड्यात बसून गातीया कुणाला ठाऊक."

मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. बहुतेक हेडफोनचा. रात्री जेवताना वांग्याची भाजी होती, आक्का करायची तशीच, खोबरं भाजून घातलेली. दाजींनी डॉक्टरची फाइल दाखवायला आणली. मी म्हणालो, उद्या बघतो.

बाजार

दुसऱ्या दिवशी आक्काला घेऊन खडेबाजाराकडं गेलो. एका बारक्या दुकानात हेडफोन माळेसारखे टांगले होते, तिथं शिरलो. दुकानदार साठीचा, घरात कन्नड बोलणारा, पण मराठी आमच्याइतकंच स्वच्छ. मी त्याला बेस, आवाजाचा पल्ला वगैरे सांगू लागलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, ऐकणार कोण?"

"बहीण."

"मग तुम्ही थोडं बाजूला थांबता का?"

त्यानं आक्काला स्टुलावर बसवलं. आधी बुगडी पाहिली, मग अंबाडा पाहिला. "काय ऐकता, आक्का?" आक्कानं सांगितलं, "आईच्या ओव्या." तो म्हणाला, "म्हणजे वाद्यं नाहीत. नुसता माणसाचा गळा. मग धाप-धाप वाजणारा नको. मधला आवाज साफ देणारा पाहिजे, आणि कान दाबणारा तर नकोच." त्यानं वरून एक जुन्या घडणीचा, हलका हेडफोन काढला आणि आमच्या प्लेअरला जोडून आक्काच्या कानाला लावला. स्पंजाच्या दोन चकत्या, पातळ पट्टी मानेमागून जाणारी, म्हणजे अंबाड्याचा प्रश्नच नाही. मी असला हेडफोन फुकट दिला तरी घेतला नसता.

तो दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेला होता, आणि वापरून वापरून उजव्या चकतीचा स्पंज फाटून आतलं प्लास्टिक वर आलं होतं. ते बुगडीला टोचलं. आक्कानं दुकानदाराला काही सांगितलं नाही. चोळीची बाही उलटी शिवलेली निघाली तर आपण जशी फिरवून बघतो तसा तिनं हेडफोन काढला, उलटा केला आणि घातला. फाटकी चकती डावीकडं गेली. मी म्हणणार होतो, अगं उलटा घातलास, त्यावर डावं-उजवं लिहिलेलं असतं.

तेवढ्यात ती ओरडली. कानाला काही लावलं की माणूस ओरडूनच बोलतं, त्यात ती मागावरची. रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले.

"बाळू! आई आली! आरं जवळ आली, हितं, हितं बसलीया!" तिनं उजव्या कानाशी हात नेला. मग एकदम तिचा चेहरा गोंधळला. "आन् मी कुटं गेले? मी लांब गेले रं."

दुकानदाराच्या आधी माझ्या लक्षात आलं. दोन माईक, दोघींपुढं एकेक. आई डावीकडं, आक्का उजवीकडं. आई लांब कधी बसलीच नव्हती. इतके दिवस ती आक्काच्या डाव्या कानात गात होती, आणि डावा कान पार गेलेला होता.

दुकानदारानं नवा हेडफोन काढून उलटाच लावून दिला आणि तिला ऐकत बसू दिलं. अर्धा तास. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांच्याशी तो हळू आवाजात बोलला. आक्काचे ओठ हलत होते, आणि हातांची बोटं मांडीवर विडीचा दोरा गुंडाळल्यासारखी फिरत होती. गाल ओले झाले होते, ते तिनं पुसले नाहीत. मी दुकानातल्या चार्जरच्या पाकिटांवरची नावं वाचत उभा राहिलो. कन्नडमधली.

संपल्यावर दुकानदार मला म्हणाला, "दोन्ही आवाज एकत्र करून देता येतात. माझ्या ओळखीचा आहे एकजण, दहा मिनिटांचं काम. मग मायलेकी दोघी एकाच कानात येतील." मी आक्काच्या समोर जाऊन, तोंड दाखवून, तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "नगं. माजा आवाज काय करायचाय मला? आईच असूंदे."

घरी आल्यावर मी ती फाइल उघडली. डॉक्टरांनी सगळं लिहिलेलं होतं. डावा कान पूर्ण निकामी, तोही बऱ्याच वर्षांपासून. उजवा उतरणीला. फाइल इंग्रजीत, दाजींनी ती जपून ठेवली होती, देवाच्या फळीवर. मी आक्काला विचारलं, "डावा कान बंद आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"कमी हाय म्हाईत हुतं. आपलं दोन्ही माग माज्या डाव्या अंगालाच की. पर इतका बंद असंल असं न्हाय वाटलं. मागापाशी कुणाला काय ऐकू येतंय?"

"कधीपासून?"

तिनं आठवून पाहिलं. "आई हितं यायच्या आदीपासनं असंल." आणि तिची नजर सोप्याच्या कोपऱ्याकडं गेली. माझीही. कारण आमची दोघांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबली होती.

आईची खाट त्या सोप्याच्या कोपऱ्यात होती. पहाटेपासून मागावर उभी राहून आक्का दुपारी तासभर आईच्या खाटेशेजारी जमिनीवर पडायची, उजव्या कुशीवर, म्हणजे चांगला कान उशीत. मी तेव्हा दोन दिवसांसाठी आलो होतो. दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आलेली असताना मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "आई हाका मारून मारून दमली आणि ही घोरत पडली होती." त्यावर आक्का उठून मागाकडं गेली होती. पंधरा दिवसांनी आई गेली. आईला नाशिकला का नेलं नाहीस, असं मला कोणी विचारलं नाही. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हे उत्तर मी तयार ठेवलं होतं.

स्टँड

तिसऱ्या दिवशी सकाळी उप्पीट खाऊन निघालो. आक्का नको म्हणत असताना स्टँडपर्यंत आली. दाजींनी कुंद्याचा, बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा दिला आणि शेजाऱ्यांना कळेल अशा आवाजात "सांबाळून जावा!" म्हणाले. आक्काच्या गळ्यात हेडफोन होता, पिशवीत प्लेअर. रिक्षात तिनं तो एकदा कानाला लावून काढून ठेवला. किती वेळा ऐकायचं ते तिनं ठरवलं होतं, रोज सकाळी एकदा. कान वापरून झिजतात अशी तिची समजूत आहे. मी ती खोडली नाही.

फलाटावर बसायला बाक मिळाला. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. मला बोलायचं होतं. म्हणून उठलो आणि उजवीकडं जाऊन बसलो. "आक्का, मी तेव्हा बोललो ते चुकलो. तुला ऐकूच येत नव्हतं. मला माहीत असतं तर..."

तिनं मान हलवली. "असूंदे रं. मलाच कुटं ठाऊक हुतं." पलीकडं लोंढा गावची बस लागली, माणसं तिकडं धावली. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एक इचारू? काल रातीपासनं डोस्क्यात हाय."

"विचार."

"आई हाका मारून दमली, म्हनला हुतास. मला तर ऐकू आलं न्हाय. आईनं बी कदी सांगितलं न्हाय. मग तुला कसं ठाऊक?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खोटं सांगता आलं असतं. शेजारीण म्हणाली होती, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती शेजारीणही आता नाही.

"मी दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होतो," मी म्हणालो. "मला ऐकू येत होतं."

"किती येळा?"

"तीनदा. वाटलं, तू उठशील. तुझ्याजवळच तर होती."

"काय मागत हुती?"

"पाणी."

आक्कानं पदर सारखा केला. माझी बस आली, दारावर गर्दी झाली, कंडक्टर गावांची नावं ओरडू लागला. मी "येतो" म्हणालो. पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणालो. ती समोर बघत बसून राहिली.

मी तिच्या उजव्या बाजूलाच उभा होतो.